तक्त्याच्या खालच्या दोन ओळी

आमच्या ह्यांनी सत्तावीस वर्षं बस चालवली, आणि हात वर केलेल्या माणसाला स्टॉपवर टाकून कधी गाडी पुढे काढली नाही. मी बायको म्हणून कौतुक करत नाही, अख्ख्या डेपोला विचारा. धावत येणारी म्हातारी आरशात दिसली की ब्रेक लागलाच म्हणून समजा. मागचे कितीही ओरडेनात का.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं आणि डोळ्यांनी दगा दिला. नस सुकत चाललीय, इलाज नाही, असं बाहेरच्या डॉक्टरांनी सांगितलं. डेपोची तपासणी सोमवारी होती. नापास झाले की स्टिअरिंग सुटलं. पण हे कसले ऐकतात. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता कुठून तरी कागदावर उतरवून आणला आणि पाठ करायला बसले. आणि मी शहाणी, भांडी घासता घासता ह्यांच्याकडून घोकून घेत होते. खालच्या दोन ओळी तर मलाही पाठ झाल्या.

तिसऱ्या दिवशी माझंच मन मला खायला लागलं. "अहो, नका करू हे. गाडीत पन्नास माणसं असतात."

"मला रस्ता डोळे मिटून दिसतो," म्हणाले. झालं, विषय संपला.

शनिवारी भर दुपारी पिवळी पिशवी घेऊन मी बाजाराच्या स्टॉपवर एकटीच उभी राहिले. ह्यांची गाडी आली. मी हात वर केला, पिशवी हलवली. गाडी तशीच पुढे गेली.

संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हटलं, "आज बाजाराच्या स्टॉपवर एका बाईला सोडून आलात."

"शक्यच नाही."

"पिवळी पिशवी हलवत होती. मीच होते ती."

ह्यांनी कप खाली ठेवला. रविवारभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी मी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. आतून ह्यांचा आवाज येत होता. वरच्या तीन ओळी अडखळत वाचल्या आणि थांबले.

"पुढे?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या तर ओठांवर अक्षरं आली होती.

"पुढचं पाठ आहे, साहेब," हे म्हणाले, "पण दिसत नाही."

असा माझा नवरा. सांगताना आजही ऊर भरून येतो.

घरी जायला आम्ही डेपोबाहेरच्या स्टॉपवर उभे राहिलो. गाडी येताना दिसली तसा मी ह्यांना कोपरानं इशारा केला. ह्यांनी लाजत लाजत, अर्धाच हात वर केला.

"चांगला उंच करा," मी म्हटलं. "चालवणारा तुमच्यासारखा असला म्हणजे?"

दोन दिवसांनी हसले, आणि हात पुरता वर केला.