पांढरं पान

खिडकीतल्या मनीप्लांटचं नवं पान आज उलगडलं. अर्धं हिरवं, अर्धं दुधासारखं पांढरं. सकाळचं ऊन त्या पांढऱ्या भागातून गाळून येतंय आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक फिकट ठिपका हलतोय. माझा चहा केव्हाच निवला.

शेजारणीनं घर सोडताना हा वेल मला दिला, तेव्हा त्याच्या पानांवर पांढरे डाग होते. मी तो फ्रिजमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला आणि हळूहळू नवी पानं नुसती हिरवी येऊ लागली. मला वाटलं, रोग गेला. आत्या राहायला आली तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "बघ ना, डाग गेले. कसा बरा झाला!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्याच्या हातांवर, गळ्यावर कोड आहे. डाग जावेत म्हणून बावचीचं तेल लावून उन्हात बसलेली आत्या मी लहानपणापासून पाहिलीय.

ती रागावली नाही. तिनं कुंडी उचलून खिडकीत आणली, लांब बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं.

"आजारी नव्हता गं तो. उजेड कमी पडत होता. येईल परत पांढरं."

तिची बोटं आणि ती पानं, दोन्ही उन्हात कितीतरी वेळ हलत होती.

आत्ता फोन करून तिला नव्या पानाचं सांगितलं.

"किती आलंय पांढरं?"

"अर्धं पान."

"अगं बाई!" ती खुदकन हसली. मग म्हणाली, "आता लपवू नकोस हं त्याला."