कावळ्यापुढं दिलेला शब्द

मी लेथवरचा माणूस. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. केसाएवढा फरक पडला तरी जॉब भंगारात जातो आमच्याकडं, त्यामुळं जे मोजता येत नाही त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. भूतबित म्हणणाऱ्यांची तोंडावर टिंगल करायचो. आज लिहायला बसलोय कारण मोजूनच फसलोय.

माझा धाकटा भाऊ सुजय, आमचा सुज्या, मागच्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. वय तेहतीस. लग्न नाही, व्यसन नाही. नाद एकच — हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. शिवाजी पेठेत आमच्या घरापुढच्या कट्ट्यावर बसून बटणं दाबत असायचा. अर्धं बुद्धिबळ, अर्धी गोष्ट, आणि दोन लढायांच्या मधे सैन्यासाठी शेती करून जेवण रांधायचं, असला विचित्र गेम! सैनिकांना नावं आपण द्यायची. त्यानं घरचीच दिलेली. जखमा बऱ्या करणारी ‘आई’, ढालवाला ‘दादा’ म्हणजे मी, आणि घोड्यावर ‘सुज्या’. त्यात मेलेला सैनिक परत येत नाही, म्हणून दादाला तो कायम मागं ठेवायचा. "तू गप मागं थांब, तुला लढायची अक्कल न्हाय," असं मलाच ऐकवायचा.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य ठेवला. कावळा शिवेना. मिसळ ठेवली, चहा ठेवला, आईला सांभाळतो म्हणून मी हात जोडले... दोन तास गेले. कावळे समोर झाडावर बसून नुसते बघत होते. पावणे चुळबुळ करायला लागले. शेवटी आईच माझ्यावर ओरडली, "त्याचा खेळ अर्धा ऱ्हायलाय की रं! सांग की त्येला, पुरा करतो म्हणून!"

चार लोकांत लाजच वाटली. तरी पुटपुटलो, "सुज्या, तुझा गेम मी पूर्ण करतो." मान वर केली तर कावळा पानावर. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणालो.

मग शिकलो बाबा. रोज दुपारी डबा खाल्ल्यावर वर्कशॉपमध्येच खेळायचो. सुरुवातीला दोनदा ‘आई’ मरता मरता वाचली. तीन महिन्यांनी शेवटच्या लढाईला पोचलो. समोर शत्रूचा एकटा राजा उरलेला, एका वारात पडला असता. दादाला त्याच्या पुढ्यात नेऊन उभा केला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सेव्ह करून बंद केलं. त्याचे-माझे मिळून एकूण किती तास खेळ झाला ते स्क्रीनवर दिसतं — एकसष्ट.

दुसऱ्या दुपारी उघडलं. त्रेसष्ट! आणि दादा मागं, त्याच्या पुढं घोड्यावर सुज्या.

कामगारांवर खेकसलो. दोघांनीही जोतिबाची शपथ घेतली. मग कपाटात ठेवून कुलूप लावलं, चावी खिशात, आणि कपाटाच्या दाराला आतून खडूनं आकडा लिहिला. तीन दिवसांनी सहासष्ट. बॅटरी पार संपू दिली, चार्जर घरी नेऊन ठेवला. आठवड्यानं चार्ज करून बघतो तर एक्काहत्तर. प्रत्येक वेळी मी दादाला पुढं आणायचो, आणि प्रत्येक वेळी तो मागं गेलेला असायचा. रिपेअरवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "मालक, बंद असताना ह्यातलं तास वाढतच न्हाईत. कोणतरी खेळतंय."

कोण खेळतंय?

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मशीन चालू असताना लक्ष कपाटाकडं. दोन जॉब भंगारात घातले. बायको म्हणाली, मारून टाका तो राजा आणि व्हा मोकळे. बरोबर होतं की तिचं! सुज्याला बाजूला सरकवायचं, वार करायचा, झालं. पण बोटच चालेना. एकदा तर त्या डबड्यावरच ओरडलो, "अरे सरक की बाजूला!"

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. गच्चीवर पान ठेवलं. कावळा कठड्यावर आला, पानाकडं बघत बसला, शिवेना. आईनं माझ्याकडं बघितलं.

"संपला का रं त्याचा खेळ?"

"न्हाय. एक वार ऱ्हायलाय."

"मग का मारला न्हाईस? शब्द दिलतास न्हवं?"

"मारला की त्यो जाईल, आई!" सगळ्यांसमोर रडलो. एवढा बाप्या माणूस, पण आवरलं नाही.

वाटलं, आता शिव्या घालणार. ती वळून कावळ्याकडं बघायला लागली. कावळा उडून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला आणि विधी उरकला. खाली उतरताना जिन्यात आईनं माझा दंड धरला. "दमानं खेळ म्हणावं त्येला," एवढंच म्हणाली.

आता रोज डबा देताना विचारते, "किती झालं?" मी कालचा आकडा सांगतो. काल एकशे चार होते. कसे, ते मला सांगता येत नाही, आणि कावळ्यापुढं दिलेला शब्द मोडतोय हेही कळतंय. आज दुपारी परत उघडलं. दादाला पुढं आणायचा मी आता प्रयत्न करत नाही. तो मागंच उभा आहे.