विचारत जाणाऱ्यांसाठी पाट्या

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचं माहितीपत्रक मी दर वर्षी नव्यानं करून देत असे. गेल्या वर्षी मालकाच्या मुलानं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मॅडम, डिझाईन मीच केलंय. कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं की तो काढून देतो. तुम्ही फक्त छापायला जातं तसं करून द्या." मी बघितलं. धुक्यातली दरी, गरम भजी, हसरं कुटुंब. वाईट असतं तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. पण चांगलंच होतं, आणि म्हणून मला जास्त राग आला.

वीसेक वर्षं मी कामशेतच्या घरातल्या पुढच्या खोलीत बसून हेच करत आले होते. चिक्कीचे खोके, तांदळाच्या पिशव्या, बंगल्यांच्या जाहिराती, लग्नपत्रिका. तालुक्यात कुठंही गेलं की दुकानाच्या फळीवर माझं काहीतरी दिसायचं आणि मी न बघितल्यासारखं करायची. आता एकेक गिऱ्हाईक गळत चाललं होतं. नवरा आंबीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, यंत्रं बघतो. तो म्हणायचा, "एक काहीतरी धर. मशीनला जमणार नाही असं एक धर." जणू मी बाजारात भाजी निवडायला निघाले होते.

मग मी धरायला लागले. इंटरनेटवर व्याख्यानं ऐकली. प्रत्येकात एक गुळगुळीत माणूस पुढची वीस वर्षं टिकणारी कौशल्यं सांगायचा, आणि प्रत्येकाची कौशल्यं वेगळी. ॲपचे स्क्रीन आखायला शिकले, तर शिकता शिकता तेही काम मशीन करायला लागलं. ॲनिमेशन धरलं, तर डोळे दुखायला लागले. यापेक्षा ज्योतिषाला हात दाखवलेला बरा, असं एकदा चिडून म्हणाले, तर नवरा म्हणाला, "तोही आता ॲपवर आहे."

तेवढ्यात जावेनं विचारलं. पवनेच्या काठी दिरांचे तंबू आहेत, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं राहायला येतात. "ऑफिसात बस, फोन घे, बुकिंग सांभाळ. दिवाळीपासून ये. आपल्याच घरचं काम आहे," ती म्हणाली. तिनं मनापासून विचारलं होतं, त्यामुळे मला नीट चिडताही येईना. दिवाळीच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हटलं असतं तर चित्र काढणं कायमचं सुटलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. आणि नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

त्याच सुमारास सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. तिथली नवी इमारत जुनीला अशी काही जोडली आहे की आत शिरलेला माणूस एक तर रक्ततपासणीच्या खोलीत निघतो, नाही तर स्वयंपाकघरात. आम्ही दोन्हीकडे निघालो. सासूबाई दमून जिन्यावर बसल्या तेव्हा माझा तोल सुटला आणि मी तावातावानं मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"डिझाईन."

"मग पाट्या करा की. आधी तळमजला करून दाखवा. लोक पोचायला लागले तर वरचे मजलेही तुमचेच."

भांडायला गेले होते, काम घेऊन आले.

पाट्या मी फार सुरेख केल्या. राखाडी अक्षरं, बारीक बाण, प्रत्येक विभागाला एक नाजूक चिन्ह. लावून झाल्यावर हौसेनं फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी कौतुक बघायला जाऊन पॅसेजमध्ये उभी राहिले.

कुणी वर बघेना. गावातून, डोंगरातल्या वाड्यांवरून आलेली माणसं दारातून आत यायची आणि थेट वॉचमनकडे जायची. ज्यांना वाचता येत नाही तेवढेच असं करत होते असंही नाही, शिकलेसवरलेलेही तेच करत होते. मी तरी बेडशाची लेणी बघायला गेले तेव्हा पाटीवर कुठं भरवसा ठेवला होता? गाडीची काच खाली करून विचारलंच होतं.

वॉचमन दर वेळी खुर्चीवरून उठून, हात दाखवत सांगत होता, "सरळ जा, मंग डावीकडं वळा, तितं जिना लागल, जिन्यानं जायचं न्हाई, त्याच्या मागं पांढरं दार हाय..." पांढरी तर सगळीच दारं होती. माणूस जायचा आणि जरा वेळानं तोच पुन्हा वॉचमनपुढे उभा.

"तुमच्या पाट्या झ्याक हायेत ताई," वॉचमन मला म्हणाला, "पन माझं तोंड काय बंद पडलं न्हाई."

मला इतका राग आला की विचारू नका. एवढी ढळढळीत पाटी समोर असताना! तेवढ्यात एका आजोबांनी मलाच विचारलं, "एक्स-रे कुटं?" मी फणकाऱ्यानं पाटीकडे बोट केलं. ते माझ्या बोटाकडेच बघत राहिले. मग मी तोंडानं सांगायला गेले आणि माझीच जीभ अडखळली. "ते तिकडे... ते दार आहे ना..." सांगता येईल असं तिथं काही नव्हतंच. पाट्या मी वाचणाऱ्यांसाठी केल्या होत्या, आणि इथं माणसं विचारतात. म्हणजे पाटी सांगणाऱ्याच्या कामाची हवी, एका वाक्यात सांगून मोकळं होता येईल अशी. आजोबांना मी एक्स-रेपर्यंत पोचवून आले आणि त्याच संध्याकाळी नव्यानं काढायला बसले.

प्रत्येक दाराला एक भडक रंग आणि दारभर एक चित्र, असं ठरवलं. पहिल्या खेपेला कमळ, घड्याळ, नारळ आणि खेकडा काढून नेले. डॉक्टरबाईंनी कमळ आणि घड्याळ बघून कपाळाला हात लावला. "अहो, निवडणुका तोंडावर आल्यात. कुणाच्या दारातून रक्त द्यायचं यावरून मारामाऱ्या होतील." नारळाचंही तेच, मागच्या पंचायतीला कुणाचं तरी चिन्ह नारळ होतं. खेकड्यावर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "कर्क?" दवाखान्यात दारावर कर्करोगाची खूण लावायला निघाले होते मी! भातखाचरातला खेकडा म्हणून काढला होता, पण तो तिथं कसा दिसेल हे त्या दारापुढे उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. शेवटी कुठल्याच पक्षाला नको असलेली मंडळी उरली, बेडूक, बगळा, भोपळा आणि कासव.

दिवाळी जवळ आली तेव्हा दारं रंगवून झाली. कामशेतच्या बाजारचा दिवस धरून मी सकाळीच जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. सगळे वॉचमनलाच विचारत होते. अगदी पहिल्यासारखं. एकानंही आधी दाराकडे बघितलं नाही. संपलं, असं वाटलं. मनातल्या मनात मी जावेच्या ऑफिसात जाऊन फोनसुद्धा उचलला.

मग लक्षात आलं की वॉचमन खुर्चीवरून उठतच नाहीये. "हिरवा बेडूक," तो म्हणत होता. "पिवळा भोपळा, उजव्या अंगाला." बस, एवढंच. आणि गेलेला माणूस परत येत नव्हता. दवाखान्याच्या बाबतीत हे वाक्य काही बरं दिसत नाही, पण मी इतकी खूश झाले की काय सांगू! लाल पागोटं गेलं ते गेलंच. कडेवर मूल घेतलेली बाई गेली ती गेलीच. मी एकेक चेहरा लक्षात ठेवून वाट बघत होते आणि कुणीही दुसऱ्यांदा विचारायला आलं नाही.

दुपारी डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी डोळे तपासून बाहेर आली. दारात नुकत्याच आलेल्या एका बाईनं तिलाच विचारलं, "डोळं कुटं बघत्यात?" म्हातारी म्हणाली, "ते कासव हाय का निळ्या दारावर? तितंच जा बाय." ती बाई सरळ गेली. वॉचमनकडे वळलीसुद्धा नाही.

आता जावेला काय सांगायचं ते ठरलं होतं. माणसं कुठं चुकतात ते तिथं उभं राहून बघायचं आणि त्यांना पोचवायचं, हे मी धरणार होते. शाळा, स्टेशन, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे माणसं रोज चुकतात, आणि घरबसल्या ते कुणालाच दिसत नाही, मशीनला तर नाहीच. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी भिंतीला टेकले आणि चक्क रडले.

म्हातारी निघाली होती, ती माझ्यापाशी थांबली. माझं कोपर धरून म्हणाली, "चुकलीस व्हय गं? कुटं जायचंय? चल, मी दावते."

"कुठंच नाही मावशी," मी डोळे पुसत म्हणाले. "मी इथंच काम करते."