राखेनं घासलेल्या काचा

मला वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

लासुर्णे आणि कळंब यांच्या मधल्या वाटेवर आमचं गाव. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता, दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटायची, आणि पलीकडच्या माळावर साखरेचा कारखाना उभा राहतोय म्हणून लोक सुट्टीच्या दिवशी नुसते बघायला जायचे. शाळा मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत. चार इयत्ता एका खोलीत आणि गुरुजी एकच. आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या.

माझा कान फार पक्का. वरच्या इयत्तेची मुलं धडा म्हणायची, तो दोनदा कानावरून गेला की मला पाठ. मग काय, पुस्तक हातात धरायचं, बोट ओळीवरून फिरवायचं आणि गाडी सोडायची. संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर शेजारपाजारचे चार जण बसवायचे.

"ऐका, आमची बाय वाचतीया."

आबांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. जेवढं भरभर तेवढं शिक्षण जास्त, असा त्यांचा हिशेब. मी श्वास न घेता धडा संपवला की ते मिशीवरून हात फिरवायचे. आईला मात्र हे पटत नव्हतं. धाकट्याला सांभाळायला घरात कुणी नाही, खुरपणीला माणूस मिळत नाही, आणि पोरगी देवळात बसून कावळ्याचिमणीचं वाचतेय. शेवटी दोघांचं ठरलं. शाळा तपासायला साहेब यायचे, त्यांना आम्ही दिपोटी म्हणायचो. आबा म्हणाले, "दिपोटी पास म्हनला तर पोर शिकंल. न्हाय म्हनला, तर दुसऱ्या दिशी तिच्या हातात खुरपं." आई म्हणाली, "माझ्या शब्दाला साक्षीदार देवघर हाय." झालं. माझी शाळा त्या एका दिवसावर येऊन टेकली, आणि मी बेफिकीर. मला येत होतं ना सगळं!

मला पकडलं वाऱ्यानं. एकदा गुरुजींपुढं उभी राहून मी धडा म्हणत होते. दारातून वारा आला, पुस्तकाचं पान उलटलं, आणि मी आपली मागच्याच पानावरचं घडाघडा म्हणतेय. गुरुजी बारामतीकडचे, किडकिडीत, बोलणं हळू. त्यांनी मला थांबवलं.

"पान उलटलं की गं."

"व्हय गुर्जी."

"मग तू अजून मागच्याच पानावर कशी?"

वर्ग फुटला हसून. गुरुजींनी पानाच्या मधेच बोट ठेवलं आणि म्हणाले, हे वाच. मला तिथं मुंग्यांची रांग दिसली. एक मुंगी ओळखीची नाही. गुरुजींनी मारलं नाही, हे आजही आठवतं. ते एवढंच म्हणाले, "साहेबही असंच बोट ठेवतात." आणि माझ्या पोटात खुरपं उभं राहिलं.

गुरुजी तेव्हापासून विचारात पडले असावेत. हिला कानानं येतं, डोळ्यानं येत नाही, तर हिच्या डोळ्यापुढं अक्षर एवढं मोठं धरायचं की नजर चुकवायला जागाच उरू नये. शाळा चालवणाऱ्या जिल्हा बोर्डाच्या कचेरीत चित्रं दाखवायचा एक मोठा कंदील पडून होता. गावोगाव रोगराईची चित्रं दाखवायला आणलेला. गुरुजींनी अर्ज करून तो मागून घेतला. भिगवणच्या स्टेशनात पेटी उतरली, तिथून आमच्याच बैलगाडीनं गावात आली. पत्र्याचं काळं खोकं, पुढं पितळी नळी, आत रॉकेलची चिमणी. नळीच्या मागच्या फटीत काच सरकवली की भिंतीवर चित्र.

रोगांच्या काचा गुरुजींनी बाजूला ठेवल्या. बारामतीला तसबिरी करणाऱ्याकडून काचेचे तुकडे कापून आणले आणि त्यावर डिंकातल्या रंगांनी स्वतः चित्रं काढली. एका काचेवर ऊस आणि शेजारी त्याचं अक्षर, दुसरीवर बैल आणि त्याचं. श्रावणभर ते शाळा सुटल्यावर ओणवे बसून हेच करत होते.

अंधार हवा म्हणून आबांनी आपली गुळाची वखार दिली. खिडकी नसलेली लांबट खोली. हंगाम नव्हता, वखार रिकामी, पण जमीन अजून चिकट. पाय उचलला की चट् आवाज व्हायचा. भरदुपारी दार लावून आम्ही बसायचो, आणि चुना दिलेल्या भिंतीवर माझ्याएवढा 'ऊ' उभा राहायचा. गुरुजी मला भिंतीशी पाठवायचे. "बोट फिरव त्याच्यावर." मी फिरवायचे, तर अक्षर माझ्या हातावर, पोलक्यावर पडलेलं. अंगावर अक्षर पडल्यावर विसरणार कुठं? दसरा जवळ आला तोवर निम्मीअधिक अक्षरं माझ्या ओळखीची झाली होती.

आता दुसऱ्या मुलीचं सांगते. ती पाटकऱ्याची लेक. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं ते बघणारा माणूस. ती माझ्याशेजारी बसायची आणि बोलायचीच नाही. तोंड उघडलं की पहिलाच शब्द अडकायचा, पोरं हसायची, म्हणून तिनं बोलणं टाकूनच दिलं होतं. गुरुजींनी वाच म्हटलं की उभी राहायची आणि खाली बघायची. सगळ्यांनी तिला ढ ठरवलं होतं. मी हुशार आणि ती ढ. बघा आता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "उद्या हत्यारांची पूजा. घरी विळे-खुरपी घासता, तसं शाळेचंही सामान स्वच्छ करून ठेवा." आणि ते सणाला घरी गेले. मुलांनी घंटा घासली, फळा धुतला. कंदिलाची पेटी माझ्या वाट्याला आली. म्हणजे मीच मागून घेतली. घरी कंदिलाची काच पुसण्याचं काम माझं होतं. चुलीतली चाळलेली राख, ओलं फडकं, मग सुकं फडकं. माझ्यासारखी काच वस्तीत कुणाची निघत नव्हती.

पेटी उघडली तर आत काचा. तळहाताएवढ्या, काजळी धरलेल्या, डिंकानं चिकट, बारीक लाल-हिरवे डाग पडलेल्या. भिंतीवरच्या माझ्याएवढ्या अक्षरांशी त्या डागांचा काही संबंध असेल, हे मनातही आलं नाही. कंदील तापतो म्हणून गुरुजींनी आम्हाला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. चित्रं कंदिलाच्या पोटात असतात आणि काच उजेड जाण्यासाठी असते, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. घरच्या कंदिलाला असते तशी. मी बसले घासत. एकेक काच सूर्याकडं धरून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांची चळत करून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

दसरा झाला, गुरुजी आले. वखारीत दार लावलं, काच सरकवली. भिंतीवर पांढरा चौकोन. दुसरी सरकवली, पांढरा चौकोन. गुरुजींनी दार उघडून काच उजेडात धरली.

"कुणी धुतल्या?"

मी ताडकन उभी. "मी, गुर्जी! राखंनं घासल्या. येक डाग ठिवला न्हाय."

गुरुजी एकेक काच बघत गेले. मग भिंतीला टेकून खालीच बसले, धोतराला गूळ लागतोय याचंही भान नाही. शेवटची काच पुन्हा उजेडाकडं धरून म्हणाले, "इतकी स्वच्छ काच मी जन्मात बघितली नाही." आणि मग, "सगळं स्वच्छ करा असं मीच सांगितलं होतं."

तेव्हा कुठं मला कळलं की चित्रं काचेवरच होती. एका दुपारी मी त्यांचा अख्खा श्रावण पुसून टाकला होता. साहेब आठवड्यानं यायचे होते, रंग संपले होते, आणि माझी अक्षरं अजून अर्धीच. मी गळा काढला.

माझं रडणं चालू असताना पाटकऱ्याची लेक उठली. तिनं एक काच उचलली आणि चिमणीच्या ज्योतीवर धरली. काच काळीकुट्ट झाली. एक पोरगा ओरडला, "गुर्जी, ही बी नासवाया लागली बघा!" तिनं ऐकलं नाही. बाहेर कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून आणला आणि त्या काजळीवर ओरखडायला लागली. मग काच गुरुजींच्या हातात दिली.

भिंतीवर काळा चौकोन आला आणि त्यात उजेडाच्या रेघा. आमचाच कालवा. पाणी सोडायच्या दाराचं चाक फिरवायला वाकलेला तिचा बाप, डोक्याला मुंडासं, आणि खाली सरळसोट अक्षरांत 'पाट'.

"हे तू लिहिलंस?"

तिनं मान हलवली. पुढं कळलं की बापाचे डोळे अधू झालेले, तेव्हा पाण्याच्या पाळीच्या चिठ्ठ्या उतरवून काढायचं काम घरी तीच करत होती. शाळेत तिला कुणी लिहून दाखव असं म्हटलंच नव्हतं. जो तो म्हणायचा, बोल.

मग आठवडाभर वखारीत कारखानाच सुरू झाला. जो पोरगा कधी एका जागी बसला नाही, त्याला काचा काजळायचं काम. एकीवर दुसरी कोरी काच ठेवून दोऱ्यानं बांधायची, म्हणजे काजळी पुसत नाही. ते काम बारक्यांना. मी शब्द सांगायचे, ती कोरायची. आणि माझी खोड तिनं बरोबर ओळखली होती. चित्र दिसलं की मी अक्षराकडं न बघता ओरडायचे, "घागर!" म्हणून ती आधी नुसती अक्षरं कोरायची, तीही मी न सांगितलेल्या शब्दाची. ती वाचल्याशिवाय चित्र नाही. एकदा मी अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं, तर तिनं काटा माझ्यावर रोखला.

"थ... थापा."

शाळेत ऐकलेला तिचा पहिला शब्द. मी म्हटलं, "अगं, तू बोललीस की!" ती म्हणाली, "व... वाच."

साहेब आले. खाकी कोट, हातात टोपी. आबा दाराशी उभे, पटका नवा बांधलेला, ओट्यावरची मंडळी बरोबर आणलेली. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि पानाच्या मधोमध बोट ठेवलं. मी अक्षर धरलं, मग दुसरं. ठेचकाळत, थांबत, एका शब्दावर मागं येत, पण मुंग्या नव्हत्या त्या. ओळ संपली तेव्हा माझ्या कपाळावर घाम. साहेब "ठीक, पास" म्हणाले आणि त्यांनी कागदावर काही लिहिलं.

मी दाराकडं बघितलं, तर आबांचं तोंड उतरलेलं. साहेब गेल्यावर ते गुरुजींना म्हणाले, "गुर्जी, काय केलंसा ह्ये? पैलं माझी पोर आगगाडीवानी वाचायची. आता खडीवर बैलगाडी चालल्यागत झालंय."

"आबा, आधी ती पाठ म्हणत होती. आता वाचतेय."

"आमाला का कान न्हाईत? त्यो सायेब दया येऊन पास म्हनला. दयेचं पास माझ्या घरात चालत न्हाय."

घरी आईनं खुरपं आणून उंबऱ्यापाशी ठेवलं. जिंकल्याचा आनंद तिच्याही तोंडावर नव्हता, हेही सांगून ठेवते. आबा खांबाला टेकून बसले. मग त्यांनी पटक्याच्या घडीतून एक चिठ्ठी काढली.

"ह्ये वाच. सकाळी पाटकरी देऊन गेला, मी घाईत हुतो, इचारलं न्हाय. ह्ये तर तुला कुनी म्हनून दाखवलं नसंल?"

चिठ्ठी उलगडली आणि अक्षरं मला ओळखीची वाटली. भिंतीवर बघितलेली तीच ती, सरळसोट, 'ळ' तेवढा डौलदार. मी बोट ठेवलं. "पाण्याची... पाळी." थांबले. "बुध... वार. पहाटे."

आबा ताठ बसले. "बुधवार? बेस्तरवार आसंल."

गुरुवार दिसतो का म्हणून मी पुन्हा बोट मागं नेलं. आबांना खोटं ठरवायचं जिवावर आलं होतं. पण तिथं दुसरं काही नव्हतंच. "बुधवार, आबा."

"आगं आज मंगळवार!" ते उठलेच. "रानात पानी न्यायचा दंड साफ न्हाय, बांध फुटलेला, आन पहाटं पानी!" कोपऱ्यातलं फावडं उचलून ते निघाले. उंबऱ्यापाशी खुरपं पायात आलं. ते उचलून त्यांनी आईच्या हातात दिलं.

"ह्ये ठिव जाग्यावर." आणि मला म्हणाले, "उद्या मी पान्यावर असंन. तू शाळा बुडवू नगं. आन वाचताना घाई करायची न्हाय, कळलं?"

दुसऱ्या दिवशी उसाला पाणी फिरलं. शाळेत मी माझ्या जागेवर बसले. पाटकऱ्याची लेक पाटीवर काहीतरी गिरवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "च... चिठ्ठी कुनी वाचली?"

"मी."

तिनं पाटी माझ्याकडं सरकवली. नुसती अक्षरं होती, चित्र नव्हतं. मी वाचायला लागले.