आईला मारलं तो दिवस

लोबानाचा वास आला की बीडच्या अनाथाश्रमाची कचेरी आठवते. निजामाची अमदानी होती. आई सरपणाच्या मोळ्या विकायची, तरी आम्ही दोघं उपाशीच निजायचो. आश्रमात फक्त पोरक्या पोरांना घेत. "आई न्हाई, एवढंच सांग," तिनं मला बजावलं होतं.

पण मी पडलो हौशी नट! पलेगाची गाठ, तिची तडफड, शेवटचं पाणी, सगळं रंगवून ढसाढसा रडलो. व्यवस्थापकांनी डोळे पुसत माझं नाव लिहून घेतलं.

आई दाराबाहेर ऐकत होती. "लई बेस मारलंस रं मला," ती हसून म्हणाली. मी शाबासकी समजून फुगलो.

तिथंच शिकून मी मास्तर झालो. पण तोवर बाजारात कधी समोर आली, तर आई पदर ओढून परक्यासारखी निघून जायची. माझी भाकरी जाऊ नये म्हणून ती मेलेलीच राहिली.