पालथी करवंटी

नाना गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. इमारत पाडून वर्ष होत आलं, माणसं भाड्याच्या घरांत पांगली, पण ग्रुपचं नाव अजून तेच आहे. नानांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा, दोन ओळींचा मेसेज आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तीनदा काहीतरी टाइप केलं, तीनदा पुसलं. शेवटी मीही हातच जोडले. याला आता पाच आठवडे झाले...

नाना आमच्या खाली, तळमजल्यावर राहायचे. कोथरूडच्या टेकडीच्या पायथ्याशी पहिली अकरा घरं उभी राहिली, त्यांतलं एक त्यांचं. तेव्हा तिथे नळ नव्हता, धड रस्ता नव्हता. होता तो एक झरा. खडकातल्या भेगेतून पाणी यायचं आणि खालच्या खळग्यात साठायचं. अकरा घरं त्यावर जगली. खळग्याच्या काठावर एक करवंटी असायची. पाणी उपसून झालं की ती पालथी घालायची, म्हणजे पाणी साचतंय, थांबा. खळगा भरलेला दिसला की उताणी करायची. "भांडणं झाली, दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालं, पण पालथी करवंटी कुणी उचलली नाही," नाना सांगायचे. पुढे नळ आले, घरांच्या जागी इमारती आल्या आणि झरा आमच्या मागच्या भिंतीशी एका कोपऱ्यात राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नसे. नाना मात्र रोज सकाळी त्यातला पाला काढायचे. शाळेची बस येईपर्यंत मी त्यांच्याजवळ उभी राहायची. बोलायची नाहीच फारशी. "ए कॉन्व्हेंट, कळतंय ना मराठी, की खाली इंग्रजी पाटी लावू?" असं म्हणत ते भरलेली करवंटी पुढे करायचे. पाणी इतकं गार असायचं की दात शिवशिवायचे.

रीडेव्हलपमेंटचा अहवाल आला तो इंग्रजीत. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, नानांची एक अडली होती. गच्चीवर मीटिंग भरली. सेक्रेटरी समजावून सांगायला लागले, तर नानांनी हात वर केला. "तुम्ही नका सांगू. ती वाचेल. ती कमी बोलते, म्हणजे खोटंही कमीच बोलत असेल." सगळे माझ्याकडे वळले. मी एकेक मुद्दा मराठीत सांगत गेले. एका ओळीत होतं, मागच्या हद्दीजवळ सीपेज आहे, ते कायमचं बंद करण्यात येईल. मी म्हणाले, "मागे गळती आहे, ती बंद करणार आहेत."

"करा की! माझ्या न्हाणीघरात वीस वर्षं गळतंय, तेव्हा कुणाला सुचलं नाही."

सगळे हसले. नानांनी पेनाचं टोपण काढेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. मागच्या हद्दीला न्हाणीघर नाही, नळही नाही. तिथे झरा आहे. बाबा घड्याळाकडे बघत होते. मला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर आपलं चुकलं असं म्हणायचं... मी पुढची ओळ वाचली. नानांनी सही केली.

इमारत पडली आणि नाना वाघोलीला सुनंदाताईंकडे राहायला गेले. तिथून एकदा रिक्षा करून ते साइटवर येऊन गेले, हे मला नंतर कळलं. झऱ्याच्या तोंडात सिमेंट भरलेलं होतं. मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी उशीखालून तो अहवाल काढला.

"ती ओळ वाच. इंग्रजीतच वाच."

मी वाचली.

"सीपेज म्हणजे काय गं?"

"गळती," मी कसंबसं म्हणाले.

"अगं, नळ गळतो. डोंगर पाझरतो. पाझर म्हणतात त्याला." त्यांनी अहवालाची घडी घातली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तुला शब्द माहीत नव्हता. तुझा दोष नाही, तुझ्या बापानं निवडलेल्या शाळेचा."

शब्द मला माहीत नव्हता, हे खरं. जागा माहीत होती. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदाताई चहा घेऊन आल्या. चहा झाला. मी नानांना नमस्कार केला आणि निघाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. त्यांनी मला माफ केलं ते शब्दासाठी. मी ती माफी घेऊन आले...

दिवस झाल्यावर सुनंदाताईंनी मला एक कागदात गुंडाळलेली वस्तू दिली. "नानांनी बाजूला काढून ठेवली होती. म्हणाले, कॉन्व्हेंटला दे." करवंटी होती. कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मी ती आमच्या भाड्याच्या घरात, ओट्याच्या कोपऱ्यात पालथी ठेवली. आई ओटा पुसताना ती सरळ करायची, मी पुन्हा पालथी घालायची. परवा आई वैतागून म्हणाली, "काय चाललंय तुझं? पालथी का घालतेस सारखी?" मी सांगायला लागले, आणि सुरुवात त्या मीटिंगपासून करावी लागली. आईनं सगळं ऐकलं. फडकं पिळलं, करवंटी उचलून तिच्याखालचा ओटा पुसला आणि ती होती तशी पालथी ठेवली.