उंबऱ्यावर ठेवलेले पाय

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी जिंतूर तालुक्यातल्या एका शिवमंदिरात माझी आई बेशुद्ध पडली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय लोंबकळत होता, त्या वर्षांतली ही घटना.

आईला रक्तदाबाची गोळी सुरू होती. उपवास निर्जळी, म्हणून तिने ती कोरडीच गिळली होती. रांगेत बराच वेळ उभी होती. पिंडीवर डोकं टेकवून ती झटकन उठली आणि गाभाऱ्याचा उंबरा ओलांडताच तिचे गुडघे वाकले. मी काखेत हात घालून तिला धरलं. पडू द्यायचं नाही, एवढंच कळत होतं. चेहरा पांढरा पडला, मनगटाला नाडी लागेना. मी मनात शंकराला हाक मारत होतो. ती ऐकली जाईल, असं मात्र वाटत नव्हतं.

मागून एक अनोळखी बाई पुढे आली. "निजवा हिला खाली. उभं काय धरलंय, खांब हाय का ती?"

जागा अरुंद होती. डोकं बाहेरच्या दाराकडे, हवेला ठेवलं तर पाय थेट पिंडीकडे जात होते. देवाकडे पाय करायचे नाहीत, हे मला आईनेच शिकवलेलं. मी थांबलो.

बाईने खांद्याला हात लावला, तसं मी आईला खाली निजवलं. "पाय वर घ्या. त्या उंबऱ्यावर ठेवा," बाई म्हणाली.

गुरव आडवा आला. "उंबऱ्यावर? माय, लोक डोकं टेकवतेत तिथं."

"पाय बी त्यानंच दिलेत न्हवं, महाराज? सरका."

गुरव क्षणभर घुटमळला. मग त्यानेच वाकून आईची एक टाच उचलली. दुसरी मी उचलली. पुन्हा नाडी पाहिली. काहीच नाही. मग एक ठोका. मग दुसरा.

आईने डोळे उघडले. "पाय काढा माझे," हे तिचे पहिले शब्द.

बाईने तिचे गुडघे दाबून धरले. "पडून राहा, आक्का. देव कुठं जायलाय?"

जिंतूरच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. माणूस उठला की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना दाब घटल्याचं कळतं, मग हृदय वेग घेतं, शिरा आवळतात. गोळी आणि निर्जळी उपवास यांमुळे आईच्या शरीराला ते जमलं नाही. म्हणून ते आडवं होऊ पाहत होतं. मी होऊ देत नव्हतो. सोडून देणं म्हणजे काय, हे मला त्या उंबऱ्यापाशी कळलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. देवापुढे हात जोडताना तिची आठवण होते.

पुढच्या सोमवारी आई तांब्याभर पाणी पिऊन निघाली. पिंडीवर डोकं टेकवलं, थोडा वेळ बसली, मग भिंतीला धरून सावकाश उठली. बाहेर येताना तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.